घरच्या फुलांचा स्वयंपाक : काय खावं, काय टाळावं आणि चव कशी आणावी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : महिन्याभरापूर्वी रोपवाटिकेतून गुलाब, जास्वंद, झेंडू, गोकर्ण आणि मोगरा आणलात. सगळ्यांना फुलं आली आहेत आणि ती स्वयंपाकात वापरायची आहेत. यांतली कोणती खाता येतात, विषारी फूल ओळखायचं कसं, लॅव्हेंडर घालून केलेलं दूध साबणासारखं का लागलं, आणि घरात चार वर्षांचं मूल व रक्तदाबाची गोळी घेणारे सासरे असताना काय काळजी घ्यायची? मी बरीच वर्षं फुलं लावते, रांधते आणि इतरांना शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी सरळ उत्तर. ही पाचही झाडं खाण्याजोग्या फुलांची आहेत. झेंडूबद्दल एक अट आहे, ती पुढे येईलच. पण आज झाडावर जी फुलं आहेत, त्यांतलं एकही खाऊ नका.

कारण फवारणी. भाजीपाल्यावर औषध मारल्यावर तोडणीपर्यंत किती दिवस थांबायचं, हे त्या औषधाच्या लेबलवर लिहिलेलं असतं. शोभेच्या रोपांसाठी असा कालावधी सहसा ठरवलेलाच नसतो, कारण ती कोणाच्या पोटात जाणार नाहीत असं धरून चाललेलं असतं. त्यातही आंतरप्रवाही कीटकनाशकं जास्त त्रासदायक. ती मुळांवाटे किंवा पानांवाटे झाडाच्या रसात शिरतात आणि पाकळ्या, पराग, मध इथपर्यंत पोचतात. ती पाकळीवर बसलेली नसतात, पाकळीच्या आत असतात. मीठ, व्हिनेगर, खाण्याचा सोडा, कशानेही धुऊन जात नाहीत. इमिडाक्लोप्रिडसारखं औषध लाकडी खोडाच्या झाडात वर्षभराहून जास्त काळ टिकू शकतं. म्हणून गुलाब, जास्वंद आणि मोगरा हे तिघं पहिलं वर्षभर नुसते बघण्यासाठी आणि वासासाठी ठेवा. झेंडू आणि गोकर्ण मात्र स्वतः बियांपासून लावा. दोन्ही लवकर फुलतात, दोन-अडीच महिन्यांत हाताशी फूल येतं, आणि त्यावर काय पडलं नि काय नाही याची खात्री तुमच्याकडेच असते. बीही औषध न लावलेलं घ्या. पाकिटातलं बी गुलाबी किंवा निळ्या रंगात माखलेलं दिसलं तर ते बुरशीनाशक लावलेलं असतं.

फुलवाल्याकडची फुलं तर मुळीच नकोत. फुलदाणीत जास्त दिवस टिकावं म्हणून कापलेल्या फुलांना वेगळे उपचार केलेले असतात. कार्नेशनला देतात त्या द्रावणात चांदीचा क्षार असतो. पांढऱ्या फुलांना देठातून रंग पाजलेला असू शकतो. रस्त्याकडेची झाडं धुळीमुळे आणि वाहनांच्या धुरामुळे बाद. फुलांमुळे घरात कोणाला त्रास झाला असं ऐकलं की मी आधी विचारते, फूल आणलं कुठून? कोणतं फूल हा प्रश्न त्यानंतरचा.

आता विषारी फुलांबद्दल. दिसण्यावरून, रंगावरून किंवा वासावरून विषारी फूल ओळखण्याची कोणतीही युक्ती नाही. पाखरं खातात, मुंग्या लागतात, मधमाश्या येतात म्हणून आपल्यालाही चालेल, हा तर्क चुकीचा आहे. ‘जिभेला लावून बघू, कडू लागलं तर थुंकू’ हाही चुकीचा आणि त्याहून धोक्याचा. कळलावीच्या सगळ्या भागांत कॉल्चिसिन हे विष असतं, आणि त्याचा त्रास बहुतेक वेळा काही तास उलटल्यावर सुरू होतो, म्हणजे ‘खाल्लं, काही झालं नाही’ असं वाटायला भरपूर वेळ मिळतो. शिजवल्याने विष जातं हीसुद्धा भाबडी समजूत. कण्हेरीतली हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं वाळवून किंवा उकळून निकामी होत नाहीत.

मग ओळखायचं कसं? झाडाच्या शास्त्रीय नावावरून. पाल्हाळ वाटेल, पण दुसरा मार्ग नाही, कारण बोलीतली आणि बाजारातली नावं फसवतात. ‘डेझर्ट रोझ’ म्हणून विकलं जाणारं अडेनियम गुलाब नाही, ते कण्हेरीच्या कुळातलं आणि तसंच विषारी आहे. ‘आफ्रिकन व्हायोलेट’चा खाण्याच्या व्हायोलेटशी काही संबंध नाही. खाण्याच्या मटाराचं फूल चालतं, पण सुवासासाठी लावतात तो ‘स्वीट पी’ खायचा नाही. मोगरा म्हणजे जास्मिनम सॅम्बॅक, तो चालतो. पिवळ्या फुलांची ‘कॅरोलिना जास्मिन’ नावाची वेल मात्र जेल्सेमियम आहे, आणि ती जहाल विषारी आहे. केशराचं फूल आणि विषारी कॉल्चिकम इतके सारखे दिसतात की फक्त रंग बघणारा हमखास फसेल. केशरात तीन पुंकेसर आणि तीन लाल तंतू असतात, कॉल्चिकममध्ये सहा पुंकेसर. इतकं बारकाईने बघायची तयारी नसेल तर ते फूल सोडून द्यावं.

घराभोवती नेहमी दिसणाऱ्यांपैकी कधीही खाऊ नयेत अशी काही नावं लक्षात ठेवा : कण्हेर, पिवळी कण्हेर म्हणजेच बिट्टी, धोतरा आणि त्याच्यासारखीच लोंबत्या कर्ण्यांची ब्रुगमान्सिया, रुई, घाणेरी, कळलावी, सदाफुली, अडेनियम, हायड्रेंजिया, अझेलिया, फॉक्सग्लोव्ह, लिली ऑफ द व्हॅली. सदाफुलीबद्दल मुद्दाम सांगते, कारण ती ‘औषधी’ म्हणून सर्रास चघळली जाते. तिच्यातून कर्करोगावरची विनक्रिस्टिन आणि विनब्लास्टिन ही औषधं मिळतात हे खरं, पण ती पेशींची वाढ रोखणारी तीव्र द्रव्यं आहेत आणि डॉक्टर ती मोजून-मापून शिरेतून देतात. फुलं चघळणं हा त्याचा घरगुती पर्याय होऊ शकत नाही. लिली ऑफ द व्हॅली ज्या पाण्यात ठेवली, त्या पाण्यातही विष उतरतं. यातली फुलं केकवर नुसती सजावटीला ठेवणंही नको. ताटात जे येतं ते खाण्याजोगं असलंच पाहिजे. या नियमाला मी अपवाद करत नाही.

भाजीच्या झाडांवर विसंबून राहावं का? बऱ्याच अंशी हो. कोथिंबीर, मुळा, मोहरी, बडीशेप, शेपू, कांदा, पुदिना, भोपळा, मटार यांची फुलं चांगली. पण टोमॅटो, बटाटा, वांगं आणि मिरची यांची फुलं खायची नाहीत. फळ किंवा कंद खातो म्हणून फूलही चालेल असं या कुळात धरू नये, त्यांत विषारी अल्कलॉइड असतात.

खरं म्हणजे फुलं आपण सगळेच खात आलो आहोत. फ्लॉवर आणि ब्रोकोली हे न उमललेल्या फुलांचे गड्डे आहेत. लवंग ही वाळवलेली कळी, आर्टिचोक हीदेखील कळी, केपर्स म्हणजे लोणच्यात मुरवलेल्या कळ्या, आणि केशर हे फुलाच्या स्त्रीकेसराचं टोक. यांतल्या प्रत्येकाचा एक ठरावीक भाग, ठरावीक अवस्थेत, ठरावीक पद्धतीने वापरला जातो, आणि तेच शिस्तीने इतर फुलांना लागू करायचं असतं. अख्खं फूल उचलून ताटात ठेवण्याची सवय मला पटत नाही. अपवाद थोडे : पॅन्सी, व्हायोला, बोरेज, कोथिंबिरीची बारीक फुलं. बाकी सगळ्यांचे पुंकेसर, स्त्रीकेसर आणि हिरवी वाटी काढून टाकावी. कडवटपणा तिथेच असतो, आणि परागांनी ज्यांना शिंका येतात त्यांचाही त्रास कमी होतो. गुलाब, झेंडू आणि शेवंतीच्या पाकळीचं तळाचं पांढरट टोक कडू असतं, ते कात्रीने कापायचं. हादग्याच्या फुलातला मधला लांब दांडा काढला नाही तर अख्खी भाजी कडू होते.

आता तुमच्या लॅव्हेंडरच्या दुधाकडे येते. फुलांच्या स्वयंपाकातली मुख्य गोष्ट इथेच कळते : फुलाचा वास कशात उतरतो आणि कशाने उडतो. लॅव्हेंडरच्या वासातला मोठा वाटा लिनालूल या सुगंधी द्रव्याचा, आणि ते साबण-अत्तरात इतकं वापरलं जातं की प्रमाण जरा वाढलं की जिभेला साबणाचीच आठवण होते. बहुतेक तुम्ही फुलं जास्त घातलीत किंवा दुधाबरोबर उकळलीत. उकळलं की नाजूक वास वाफेबरोबर जातो, मागे राहतो तो कडवट, कापरासारखा भाग. शिवाय जातही बघा. स्वयंपाकाला लॅव्हेंड्युला अँगुस्टिफोलिया घ्यायचं. बाजारात मिळणारं बरंचसं लॅव्हंडिन, म्हणजे संकरित लॅव्हेंडर असतं, त्यात कापराचा वास जास्त. शोभेच्या पुरचुंड्यांमधलं लॅव्हेंडर तर नकोच, त्यावर वरून सुगंधी तेल मारलेलं असू शकतं. पुन्हा करायचं असेल तर अर्धा लिटर दूध तापवून गॅस बंद करा, त्यात सपाट अर्धा छोटा चमचा सुकी फुलं टाका, झाकण ठेवा आणि पाच-सात मिनिटांत गाळून घ्या. चाखून बघा. कमी वाटलं तर पुढच्या वेळी वेळ वाढवा, फुलं नव्हे.

सुगंधाच्या बाबतीत फुलांचे दोन गट आहेत, आणि हे एकदा समजलं की निम्मं काम सोपं होतं. मोगऱ्यासारखी फुलं तोडल्यावरही कित्येक तास नवा सुगंध तयार करत राहतात. गुलाबात जेवढा सुगंध तोडताना असतो तेवढाच, पुढे तो कमीच होत जातो. अत्तर करणाऱ्यांनी याच फरकावर दोन पद्धती बसवल्या : जाई-मोगऱ्याची फुलं चरबीच्या थरावर पसरून ठेवायची आणि चरबीला वास शोषू द्यायचा, गुलाब मात्र लगेच भट्टीला लावून वाफेने ऊर्ध्वपातन करायचं. स्वयंपाकघरातही तेच करा.

मोगरा कधीही शिजवू नका. संध्याकाळी, उमलायच्या बेतात असलेल्या कळ्या तोडा. झाकणाच्या डब्यात साखर, लोणी किंवा कोरडी चहापत्ती घ्या, त्यावर पातळ मलमलचं कापड घालून कळ्या पसरा आणि डबा बंद करा. कळ्या रात्री उमलतात आणि वास खाली उतरतो. सकाळी फुलं काढून टाका, ठेवली तर कुजका वास धरतात. दोन-तीन रात्री ताज्या कळ्यांनी हेच केलं की साखर इतकी सुवासिक होते की तिच्यात दुसरं काही घालावंसं वाटत नाही. मोगऱ्याचा चहा असाच बनतो. सुगंध पत्तीत उतरलेला असतो, फुलं नंतर वेगळी केलेली असतात. क्रीममध्ये वास उतरवायचा असेल तर थंड क्रीममध्ये कळ्या घालून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा आणि सकाळी गाळा. गरम क्रीमपेक्षा हे कितीतरी स्वच्छ लागतं.

गुलाबाचं गणित वेगळं. त्याच्या वासातलं फेनिलएथिल अल्कोहोल पाण्यात बऱ्यापैकी विरघळतं, म्हणून गुलाबपाण्याला इतका चांगला वास येतो. पहाटे, ऊन चढायच्या आत तोडलेल्या फुलात तेल जास्त असतं. एक किलो गुलाबतेलासाठी सुमारे तीन ते चार टन फुलं लागतात; यावरून पाकळीत सुगंध किती थोडा असतो आणि तो सांभाळून का वापरायचा, हे लक्षात येईल. गुलाबाची निवड नाकाने करा. फुलदाणीसाठी तयार केलेल्या कित्येक जातींना वासच नसतो, आणि वास नसलेल्या गुलाबाला चवही नसते. रोझा डॅमासीना किंवा रोझा सेंटिफोलिया यांच्या वंशातलं झाड मिळालं तर उत्तम. सरबतासाठी साखरेचा पाक करून आच बंद करा, मग पाकळ्या घाला आणि झाकून रात्रभर ठेवा. सकाळी पाकळ्या फिकट आणि पाक मळकट गुलाबी दिसेल. लिंबाचे थोडे थेंब टाकले की रंग झळझळीत होतो. पाकळ्या साखरेत मुरवायच्या तर वजनाने दुप्पट साखर घ्या आणि पाकळ्यांवर पाण्याचा थेंबही राहू देऊ नका. पाणी राहिलं तर बुरशी येणारच.

जास्वंदीला फारशी चव नाही, हलका आंबटपणा आणि बुळबुळीतपणा आहे. ती आणि भेंडी एकाच कुळातली, त्यामुळे शिजवली की तार सुटते. म्हणून पाकळ्या कच्च्याच, बारीक चिरून कोशिंबिरीत घाला, किंवा गरम पाण्यात भिजवून रंग काढून घ्या. ‘हिबिस्कस टी’ म्हणून जे गडद लाल आंबट पेय मिळतं, ते या जास्वंदीचं नसतं. ते लाल अंबाडीच्या फुलाच्या मांसल वाटीचं असतं, आणि त्यात पाकळीचा वाटा नाही. तशी आंबट चव हवी असेल तर अंबाडीचं रोप वेगळं लावा.

झेंडूची अट अशी : मोठ्या गेंददार झेंडूचा वास उग्र आणि चव कडू असते, तो विषारी नाही, पण जेवणाला शोभत नाही. खायचा झेंडू म्हणजे टॅजेटिस टेन्युइफोलिया, बारीक एकेरी फुलांचा. ‘लेमन जेम’ आणि ‘टँजरीन जेम’ या त्याच्या जाती आहेत, आणि पाकळीला खरोखर लिंबू-संत्र्याचा वास येतो. कॅलेंडुला हे तिसरंच झाड. त्याच्या पाकळ्या सौम्य, किंचित मिरमिऱ्या, आणि रंग अप्रतिम. इथे एक गोष्ट कामाची आहे. कॅलेंडुला आणि झेंडूचा पिवळा-केशरी रंग कॅरोटिनॉइडचा, तो पाण्यात नव्हे, स्निग्धात उतरतो. पाकळ्या मंद आचेवर तुपात किंवा तेलात दोन मिनिटं परता, मग त्यात भात किंवा अंडं घाला. अख्खा पदार्थ सोनेरी होतो. केशराचं नेमकं उलट. त्याचा रंग क्रोसिनचा, तो पाण्यात विरघळतो. म्हणून केशर कोमट पाण्यात किंवा दुधात वीसेक मिनिटं आधी भिजवायचं. थेट तुपात टाकलं तर रंग अडकून बसतो. एका फुलात तीनच तंतू आणि किलोभर केशराला सुमारे दीड लाख फुलं, तेव्हा एक काडीही वाया जाऊ देऊ नये.

गोकर्णाला चव जवळजवळ नाही, आहे तो रंग. हिरवा भाग काढून पाच-सहा सुकी फुलं कपभर गरम पाण्यात टाकली की गडद निळं पाणी होतं, लिंबू पिळलं की जांभळं, आणखी पिळलं की गुलाबीकडे जातं. आम्लता बदलली की फुलातलं अँथोसायनिन हे रंगद्रव्य रंग बदलतं. अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने २०२१ साली या फुलाच्या अर्काला खाद्यरंग म्हणून मान्यता दिली. शेंगा, बिया आणि मूळ मात्र खायचं नाही, त्यांनी जुलाब होतात. याच रसायनामुळे निळ्या-जांभळ्या पाकळ्या खाण्याचा सोडा घातलेल्या केकच्या पिठात हिरवट, मळकट होतात. तिथे त्या आत मिसळू नका, वरूनच लावा.

फुलांत पोटभर खाण्याजोगं, भाजीच्या तोडीचं काही असेल तर भोपळ्याचं फूल, आणि माझं सगळ्यात आवडतं तेच. नर फुलं तोडायची. लांब बारीक देठ म्हणजे नर. देठाशी इवलासा भोपळा दिसला तर ती मादी, तिला हात लावू नका. परागीकरणासाठी थोडे नर वेलावर ठेवा. लाल-पिवळ्या भोपळ्याची पिवळी फुलं सकाळी उघडतात आणि दुपारपर्यंत मिटतात, म्हणून सकाळीच तोडा आणि आत मधमाशी अडकलेली नाही ना हे बघा. आतला परागदांडा चिमटीने काढा. तळायची असतील तर घोळ अगदी पातळ ठेवा, पाकळी त्यातून दिसली पाहिजे. पाणी बर्फासारखं थंड घ्या, पिठात थोडं तांदळाचं पीठ मिसळा, जास्त ढवळू नका, आणि तेल १७५ ते १८० अंशांवर आलं की मगच सोडा. सारण भरायचं तर कोरडं भरा. ओलं पनीर किंवा चीज घातलं तर पाकळी भिजून फाटते. तळायची नसतील तर लांब चिरून कांद्यावर जेमतेम दोन मिनिटं परता, किंवा सूप उतरवताना शेवटी घाला. जास्त शिजली की हाती काही उरत नाही.

केळफुलाला कष्ट आहेत. प्रत्येक बारीक फुलातली कडक काडी आणि तिच्याजवळचा पारदर्शक पडदा काढावा लागतो, हाताला तेल लावावं लागतं, आणि चिरलेलं लगेच आंबट पाण्यात टाकलं नाही तर काळं पडतं. पण त्यातला मांसलपणा दुसऱ्या कोणत्या फुलात नाही.

कच्चंच खायचं म्हणून नॅस्टर्शियम अवश्य लावा. पाकळी चावली की मोहरीसारखा झणका येतो. पेशी फुटल्यावर एक विकर (एन्झाइम) काम करतं आणि त्यातून तिखट आयसोथायोसायनेट तयार होतं. शिजवलं की ते विकर मरतं आणि तिखटपणा जातो, म्हणून हे फूल नेहमी कच्चं, वाढताना शेवटी घालायचं. त्याच्या मागच्या शेपटीत मध असतो आणि मावा ही कीडही लपते, तिथे नीट बघा.

तोडणं-धुणं फार अवघड नाही. दव सुकल्यावर, ऊन तापायच्या आत तोडा. थंड पाण्याच्या भांड्यात बुडवून हलकेच हलवा, नळाखाली धरू नका. कागदावर पालथी पसरून ठेवली की किडे बाहेर येतात. ओलसर कागद घातलेल्या बंद डब्यात, फ्रिजमध्ये, बहुतेक फुलं दोन-तीन दिवस राहतात. वाळवायची असतील तर सावलीत, वाऱ्यावर. उन्हात रंग आणि वास दोन्ही जातात. सुकलेलं फूल ताज्याच्या तिसऱ्या हिश्शाने घ्या.

टिकवण्यासाठी साखर आणि व्हिनेगर हे दोन भरवशाचे मार्ग. कांद्याची किंवा चाइव्हजची फुलं पांढऱ्या व्हिनेगरमध्ये आठवडाभर ठेवली तर व्हिनेगरला छान चव आणि, फुलं जांभळी असली तर, गुलाबी रंग येतो. पाकळ्यांवर साखर चढवायची तर कच्च्या अंड्याच्या पांढऱ्याऐवजी गुलाबपाण्यात विरघळवलेला खाण्याचा बाभळीचा डिंक ब्रशने लावा, वरून बारीक साखर भुरभुरवा आणि एक-दोन दिवस वाळू द्या. ताजी फुलं तेलात घालून बाटली बाहेर ठेवणं मात्र धोक्याचं आहे. तेलाखाली हवा नसते, फुलात पाणी असतं, आणि अशा जागी बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जिवाणू वाढू शकतात. तसं तेल करायचंच तर फ्रिजमध्ये ठेवून दोन-चार दिवसांत संपवा.

आता घरच्या माणसांबद्दल. कोणतंही नवं फूल पहिल्यांदा एकटंच आणि थोडंसं खावं, एकाच दिवशी पाच प्रकार नकोत. त्रास झाला तर कशाने झाला ते कळलं पाहिजे. परागांची ॲलर्जी किंवा दमा असलेल्यांनी झेंडू, कॅलेंडुला, शेवंती, कॅमोमाइल या एका कुळातल्या फुलांपासून जपून राहावं. गरोदरपणात फुलांचे काढे आणि अर्क नकोत. मुतखड्याचा त्रास असेल तर बेगोनियाची आंबट फुलं टाळा, त्यांत ऑक्सॅलिक आम्ल असतं. बोरेजमध्ये यकृताला न मानवणारी अल्कलॉइड थोड्या प्रमाणात असतात. चार फुलं सरबतावर ठीक, रोजचा चहा नको.

सासऱ्यांच्या बाबतीत : अंबाडीच्या लाल पेयाने रक्तदाब काहीसा उतरतो हे अभ्यासांत दिसलं आहे. गोळीच्या जोडीला ते रोज कपच्या कप घेतलं तर दाब जास्त उतरू शकतो. रोज द्यायचं मनात असेल तर त्यांच्या डॉक्टरांना आधी विचारा, आणि गोळीऐवजी म्हणून तर कधीच देऊ नका. जास्वंदीच्या दोन पाकळ्या कोशिंबिरीत चालतील.

मुलासाठी मी जास्त कडक आहे. मोठ्यांना ‘हा गुलाब चालतो, हा अडेनियम चालत नाही’ हा भेद कळतो, चार वर्षांच्या मुलाला कळत नाही. आई फुलं खाते हे दिसलं की ते कोणतंही फूल तोंडात घालणार. म्हणून त्याला एकच नियम शिकवा : मोठ्या माणसाने हातात दिलेलंच फूल खायचं, झाडावरचं कधी नाही. खाण्याच्या फुलांच्या कुंड्या वेगळ्या ठेवा आणि कण्हेर, सदाफुली, अडेनियम यांच्यापैकी काही घरात असेल तर ते मुलाच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी हलवा किंवा देऊन टाका. सुरुवात कोथिंबिरीच्या आणि मुळ्याच्या फुलांनी करा, चव ओळखीची असते आणि मुलं आनंदाने खातात. आणि कधी अनोळखी फूल त्याच्या पोटात गेलंच, तर लक्षणांची वाट बघत बसू नका आणि घरी उलटी करवू नका. तोंडात उरलेलं काढून टाका, आणि त्या झाडाची फांदी किंवा स्पष्ट फोटो सोबत घेऊन लगेच दवाखान्यात जा. फांदीवर पान, फूल आणि असलं तर फळ असू द्या, म्हणजे झाड ओळखायला डॉक्टरांचा वेळ जाणार नाही.